मातीतली वीज (भाग ६) : घड्याळ चालेल, मोबाईल नाही

मागच्या भागात आपण संत्र्यात खिळा आणि तांब्याची तार खुपसून वीज काढली. मग ते संत्रं ज्या मातीत पिकतं, तिच्यातून वीज निघेल का? निघते. पांढुर्णा-सौंसरच्या काळ्या जमिनीत तर हा प्रयोग फारच सोपा आहे.

झाडाच्या आळ्यात ओल असेल तिथे जस्ती पत्र्याची एक पट्टी रोवा आणि तिच्यापासून वीतभर अंतरावर तांब्याची तार. बोअरची मोटर जळाली की रिवाइंडिंगवाल्याकडे जुनी तार निघतेच, ती मागून आणा. फक्त तिच्यावर वार्निशचा थर असतो, तो पॉलिश पेपरने घासून काढा. नाहीतर मीटरवर शून्य दिसेल आणि दोष मातीवर जाईल. सगळं नीट जुळलं तर बहुधा ०.७ ते १ व्होल्टच्या दरम्यान आकडा दिसतो.

ही युक्ती जुनीच. अलेक्झांडर बेन या स्कॉटिश घड्याळजीने १८४०च्या दशकात जस्त आणि तांबं जमिनीत पुरून विजेवरची घड्याळं चालवली होती. अमेरिकेत केंटकीच्या नेथन स्टबलफील्डने १८९८ साली अशाच बॅटरीचं पेटंट घेतलं.

पण ही वीज मातीची नव्हे, जस्ताची. जस्त विरघळतं, त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन तारेतून तांब्याकडे जातात. माती फक्त आतली वाट पुरवते. १ ग्रॅम जस्तातून जास्तीत जास्त ८२० मिलिअँपिअर-तास एवढीच वीज मिळते. पट्टीवरचा मुलामा संपला की खेळ आटोपला.

आता हिशेब करू. एका जोडीतून ०.५ व्होल्टवर १ मिलिअँपिअर मिळाला असं धरा. म्हणजे अर्धा मिलिवॅट. मोबाईलच्या साध्या चार्जरला ५ वॅट लागतात, म्हणजे अशा दहा हजार जोड्या! आकडे दाखवणाऱ्या लहान घड्याळाला मात्र १.५ व्होल्टवर काही मायक्रोअँपिअर पुरतात. त्याला दोन-तीन जोड्या बस्स.

इथे बहुतेकांची एक चूक होते. एकाच आळ्यात तीन जोड्या रोवून त्या ओळीने जोडल्या, तरी व्होल्ट तिप्पट होत नाहीत. सगळ्यांना माती एकच, त्यामुळे वीज आतल्या आतच वाट काढते. प्रत्येक जोडी वेगळ्या प्लास्टिकच्या डब्यात, वेगळ्या मातीत ठेवा; मग बेरीज होते. आणि वीज वाढावी म्हणून आळ्यात मीठ टाकू नका. वीज वाढेल, पण संत्र्याच्या मुळांना खारं सोसत नाही.

घड्याळ चालतं, मग एलईडी लावला की व्होल्ट का कोसळतात? कारण तांब्यापाशी पोचलेले इलेक्ट्रॉन घ्यायला कोणीतरी लागतं. मातीत ते काम मुख्यतः ओलीत विरघळलेला ऑक्सिजन करतो. काळी माती भिजली की फुगते, फटी बुजतात आणि हवा आत शिरत नाही. मे महिन्यात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात. तेव्हा हवा मुबलक असते, पण ओल नसते. दोन्ही एकाच वेळी मिळणं कठीण.

हीच अडचण १८६६ साली फ्रान्सच्या जॉर्ज लेक्लांशेने मॅंगनीज डायऑक्साइड वापरून सोडवली. हवेची वाट न बघता ही काळी पूडच इलेक्ट्रॉन घेते. टॉर्चचा जुना साधा सेल त्याच घराण्यातला. जस्ताचा डबा, मधे कार्बनची कांडी, तिच्याभोवती काळी पूड.

ही पूड आपल्याला परकी नाही. भूशास्त्रात खडकांचा एक मोठा गट सौंसरच्याच नावाने ओळखला जातो. नागपूर, भंडारा, बालाघाटच्या मॅंगनीज खाणी याच खडकांतल्या. त्यांतल्या भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्गचं खनिज ड्राय सेलसाठी वापरलं जातं. आळ्यातल्या काळ्या मातीत जे अडतं, ते तिथला काळा दगड करून दाखवतो.

पुढच्या आठवड्यात : डिंक्यावर बोर्डो पेस्ट लावायला आणलेलं मोरचूद आणि १८३६ सालचा डॅनिएल सेल. चिमूटभर मोरचूद बाजूला काढून ठेवा. लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका.