ख्रिस्ती उपासना मंडळीत का होते?

ख्रिस्ती श्रद्धेतल्या काही कृती एकट्याने करताच येत नाहीत. बाप्तिस्मा दुसऱ्याच्या हातून घ्यावा लागतो. कॅथलिक धर्मगुरूलाही स्वतःची पापे कबूल करायला दुसऱ्या धर्मगुरूकडे जावे लागते. प्रभुभोजनाची भाकर मोडली जाते ती वाटण्यासाठीच. क्षमा करा, एकमेकांची ओझी वाहा, पाहुण्याचे स्वागत करा, या नव्या करारातल्या आज्ञा पाळायच्या तर समोर दुसरा माणूस हवाच. म्हणून रविवारची उपासना ही घरच्या भक्तीला जोडलेली पुरवणी नाही. ख्रिस्ती जीवन आकार घेते तेच मुळी तिथे.

खोलीत जाऊन, दार लावून प्रार्थना करा, असे येशूने सांगितले हे खरे. पण तो इशारा लोकांना दाखवण्यासाठी प्रार्थना करणाऱ्यांना होता. येशू स्वतः डोंगरावर एकांतात प्रार्थना करी आणि शब्बाथ दिवशी सभास्थानातही जाई. तो त्याचा परिपाठ होता, अशी नोंद लूकच्या शुभवर्तमानात आहे. यरुशलेमेतल्या पहिल्या अनुयायांचे वर्णन प्रेषितांच्या कृत्यांच्या दुसऱ्या अध्यायात येते, तेही शिक्षण, सहवास, भाकर मोडणे आणि प्रार्थना अशा सामायिक गोष्टींतूनच.

एकत्र येणे सोपे मात्र कधीच नव्हते. करिंथच्या मंडळीत प्रभुभोजनाला काही जण आधीच खाऊन-पिऊन घेत आणि गरीब उपाशी राहत. पौलाने त्यांना कडक शब्दांत सुनावले, पण मंडळी मोडायला सांगितली नाही. एकमेकांसाठी थांबायला सांगितले. पुढच्याच अध्यायात तो मंडळीला शरीर म्हणतो, ज्यात डोळ्याला हातावाचून चालत नाही. आजच्या मंडळ्यांतही मानापमान आहेत, गटबाजी आहे, भारतात तर जातीची उतरंडही चर्चच्या दारात थांबलेली नाही. त्याला कंटाळून माणसे दूर जातात, आणि त्यांचे दुखणे खरे असते. तरीही, ज्याच्याशी पटत नाही त्याच्या शेजारी बसून एकाच भाकरीचा वाटा घेणे, हा धडा घरी एकट्याने बसून शिकता येत नाही.

पहिल्या शतकांतल्या सभा कशा होत, याची साक्ष मंडळीबाहेरूनही मिळते. इ. स. 112 च्या सुमारास बिथिनिया-पाँटसचा रोमन अधिकारी प्लिनी याने सम्राट त्राजानला कळवले की, ख्रिस्ती लोक ठरावीक दिवशी पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात. त्याहून तपशीलवार चित्र इ. स. 155 च्या सुमारास जस्टिन मार्टिर या ख्रिस्ती लेखकाने रंगवले. रविवारी शहरातले आणि खेड्यातले लोक एका ठिकाणी जमत. प्रेषितांच्या आठवणी आणि संदेष्ट्यांचे लेख वाचले जात, प्रमुख बोध करी, सगळे उभे राहून प्रार्थना करत, मग भाकर आणि पाणी मिसळलेला द्राक्षारस वाटला जाई. ऐपत असलेले स्वेच्छेने दान देत. ते अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परगावचे लोक यांच्यासाठी खर्च होई. उपासना आणि सेवा ही दोन वेगळी खाती तेव्हा नव्हती.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एकांतवासी साधू राहू लागले. त्यांच्यातलेही बरेच जण आठवड्याच्या शेवटी सामुदायिक उपासनेसाठी एकत्र येत. पाखोमियसने साधूंचे सामायिक मठ उभारले. कैसरियाच्या बासिलने तर एकांतवासाबद्दल थेट प्रश्न केला: एकटा राहणारा पाय धुणार कोणाचे? येशूने शिष्यांचे पाय धुतले होते, हे ध्यानात घेतले की या प्रश्नाची धार कळते.

जमणे जिवावर बेतणारे होते, तेव्हाही माणसे जमली. इ. स. 304 मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या अबितिना गावच्या 49 ख्रिस्ती लोकांना बंदी मोडून एकत्र उपासना केल्याबद्दल पकडण्यात आले. घरात सभा भरवणाऱ्या एमेरिटसने जबानीत सांगितले की, रविवारच्या या उपासनेवाचून आम्हाला जगता येत नाही. जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर 1614 मध्ये आलेल्या बंदीनंतर काही दशकांत एकही धर्मगुरू उरला नाही. तरी नागासाकीच्या परिसरातल्या शेतकरी-कोळी कुटुंबांनी दोनशेहून अधिक वर्षे गुप्त मंडळ्या चालवल्या. एक जण सणांचे दिवस राखी, दुसरा बाळांना बाप्तिस्मा देई. मनातल्या मनात विश्वास ठेवणे कितीतरी सुरक्षित होते. पण ही कामे वाटून घेतली म्हणूनच 1865 मध्ये नागासाकीतल्या ओउरा इथल्या चर्चमध्ये आलेल्या गावकऱ्यांना फ्रेंच धर्मगुरूपुढे आपली ओळख देता आली.

मराठी मंडळींनी या जमण्याला आपला सूर दिला. फादर स्टीफन्स यांचे 1616 मध्ये छापलेले ‘ख्रिस्तपुराण’ जमलेल्या लोकांना ऐकवण्यासाठीच रचलेले होते. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी भजन-कीर्तनाची परंपरा चर्चमध्ये रुजवली. त्यांची पदे मराठी उपासनेत आजही सगळे मिळून गातात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर वसईच्या कॅथलिकांना लॅटिनऐवजी मराठीत मिस्सा, म्हणजे प्रभुभोजनाची उपासना, मिळाली आणि प्रतिसाद देणे अवघ्या सभेला शक्य झाले.

2020 च्या टाळेबंदीत उपासना मोबाइलच्या पडद्यावर आली. प्रवचन ऐकता आले, गाणीही म्हणता आली, पण भाकर हातात देता आली नाही. वृद्ध आणि अंथरुणाला खिळलेल्यांसाठी ही अडचण कायमचीच असते. तिच्यावरचा उपाय जस्टिनच्याही काळात होता: अनुपस्थितांचा वाटा सेवक घरी पोचवत. आजही मिस्सेतला ख्रिस्तप्रसाद आजाऱ्याच्या घरी नेला जातो, आणि प्रोटेस्टंट मंडळ्यांत पाळक प्रभुभोजन घेऊन खाटेपाशी जातात.