दारू सुटली, आता कामाचं काय?

माझ्या ओळखीत एक टर्नर आहेत. दारूपायी चौदा वर्षांची नोकरी गेली, पुढची दोन वर्षं गुत्त्यावर गेली. दारू बंद करून आठ महिने झाल्यावर ते भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये ट्रायलला गेले. लेथवर जॉब काढला, मायक्रोमीटर लावला. मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजायचा तर हात स्थिर हवा. "पूर्वी सकाळी घोट पोटात गेल्याशिवाय हा हात थांबायचा नाही," ते सांगतात. त्या दिवशी हात हलला नाही. पण गेटमधून आत शिरताना पाय जड झाले होते, कारण वर्षानुवर्षं ऐकलेली वाक्यं डोक्यात घोळत होती. ती एकेक तपासून पाहू.

गैरसमज : बेवडा तो बेवडाच, त्याचा स्वभावच तसा.
वस्तुस्थिती : मद्यासक्ती हा आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात तो नोंदलेला आहे आणि त्यावर उपचार आहेत. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'एम्स'च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे 5.7 कोटी लोकांना दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज होती. व्यसनाधीन झालेल्यांपैकी साधारण 38 जणांत एकालाच काही उपचार मिळाले होते. उपचार घेऊन पुन्हा कामाच्या शोधात निघालेल्या माणसाकडे या आकड्यांच्या उजेडात पाहायला हवं.

गैरसमज : कामाला जुंपा, दारू आपोआप सुटेल.
वस्तुस्थिती : क्रम उलटा आहे, आधी उपचार, मग काम. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भास, बरळणं सुरू होऊन जिवावरही बेतू शकतं. म्हणून दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच थांबवावी. त्यानंतरही झोप आणि एकाग्रता रुळावर यायला कित्येकदा महिने लागतात. पहिलं काम ठरावीक वेळेचं, झेपेल असं घ्यावं. पगार थोडा कमी असला तरी चालेल.

गैरसमज : मिळेल ते काम धरावं, निवड कसली करता?
वस्तुस्थिती : या माणसासाठी निवड हाच उपचाराचा भाग आहे. बारमधली नोकरी, रोज हातात पडणारी रोकड, ग्राहकांबरोबरच्या पार्ट्या, सलग रात्रपाळ्या यांत धोका आहे. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या मीटिंगांत चार अवस्थांपासून जपायला सांगतात : भूक, राग, एकटेपणा, थकवा. आमच्या टर्नरनी जास्त पैशांची रात्रपाळी नाकारली. दिवसा लेथ चालवत त्यांनी तपासणीचं काम शिकून घेतलं आणि आज ते क्वालिटी विभागात आहेत. नवी वाट जुन्या कौशल्याच्या शेजारूनच निघाली.

गैरसमज : मुलाखतीत सगळं सांगावं लागतं, नाहीतर खोटं बोलावं लागतं.
वस्तुस्थिती : दोन्हींची गरज नाही. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मानसिक आजाराच्या व्याख्येत दारूच्या व्यसनाशी निगडित मानसिक अवस्थाही धरल्या आहेत, आणि उपचारांची माहिती गोपनीय राहण्याचा हक्क रुग्णाला दिला आहे. मधल्या काळाबद्दल विचारलं तर सरळ सांगावं : "तब्येतीमुळे काम बंद होतं, उपचार झाले, आता मी कामाला तयार आहे." वैद्यकीय फॉर्मवर थेट प्रश्न असेल तर मात्र खोटं लिहू नये. पुढे उघड झालं तर गमावलेला विश्वास परत मिळत नाही.

गैरसमज : दारूत गेलेली वर्षं वायाच.
वस्तुस्थिती : पुण्यात 29 ऑगस्ट 1986 रोजी डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथे एकेकाळी रुग्ण म्हणून आलेली अनेक माणसं पुढे समुपदेशक आणि कार्यकर्ते झाली. समोरच्याची थरथर ज्याने स्वतः भोगली आहे, त्याच्या शब्दाला वजन येतं. पण त्यासाठीही आधी स्वतःची सोब्रायटी पक्की हवी आणि रीतसर प्रशिक्षण हवं.

गैरसमज : एकदा घसरला की सगळं संपलं.
वस्तुस्थिती : स्लिप झाली तर लपवू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला गाठावं. कुणाशी बोलावं हे कळत नसेल तर 14446 या राष्ट्रीय टोल-फ्री हेल्पलाइनला फोन करावा. घरच्यांनीही टोमणे आवरावेत. नोकरी वाचवायची तर आधी माणूस सावरायला हवा.

टर्नरनी पहिलं वर्षभर पगार बायकोच्या खात्यात जमा करायला लावला. संध्याकाळची मीटिंग ते आजही चुकवत नाहीत. 'फक्त आजचा दिवस' हे तिथलं वाक्य त्यांच्या तोंडी असतं. आणि रोज सकाळी पहिला जॉब हातात घेण्याआधी ते मायक्रोमीटर पुसतात, बंद करतात आणि शून्य जागेवर आहे ना, ते पाहतात. काल बरोबर होता, म्हणून आज तपासायचा राहत नाही.