गाडीची खडखड: आधी निदान, मग पाना

सेनगाव तालुक्यातील साखरा परिसरात काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे भराव कमी असलेला रस्ता वरखाली होतो आणि जुन्या गाडीचे सांधे वाजू लागतात.

सांधेदुखीप्रमाणे इथेही पहिला प्रश्न एकच: नेमके केव्हा? आधी जॅक, स्टेपनी, सायलेन्सर सैल नाहीत ना, ते पाहावे. बारीक खड्ड्यांवरून हळू जाताना खटखट आली तर स्टॅबिलायझरची लिंक किंवा रबरी बुश तपासावा. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना टकटक झाली तर शॉक अ‍ॅब्सॉर्बरवरचे माउंटिंग, ब्रेक दाबताच ठोका बसला तर लोअर आर्मचा बुश. बॉनेटचा कोपरा दाबून सोडावा. गाडी डुलतच राहिली तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर थकला आहे.

बॉल जॉइंटच्या ढिलाईकडे मात्र दुर्लक्ष नको. तो निसटला तर चाक दुमडते आणि गाडी ताब्यात राहत नाही. ही तपासणी मेकॅनिककडूनच करून घ्यावी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही शिरू नये.

प्रश्न पाठीचाही आहे. सेकंदाला साधारण ४ ते ८ कंपने मणक्याला सर्वाधिक जाचतात, कारण बसलेल्या माणसाचे धड त्याच गतीने डोलू लागते. शॉक अ‍ॅब्सॉर्बर निकामी झाले की हे हादरे थेट कंबरेपर्यंत पोहोचतात. म्हणून रोज गाडी चालवणाऱ्याची कंबर दुखत असेल तर औषधासोबत गाडीचीही तपासणी व्हावी.