एकशे शहाऐंशी विरुद्ध एक : शरद जोशी यांच्या राज्यसभेतील मताचा अर्थ

महापालिकेची निवडणूक जवळ आली की सोलापुरात पहिली चर्चा उमेदवारांची होत नाही, सोडतीची होते. सभागृहात पारदर्शक भांडे ठेवले जाते, शाळेतली मुले त्यातून चिठ्ठ्या काढतात आणि कोणत्या प्रभागातील कोणती जागा महिलांसाठी, कोणती खुली, हे तासाभरात ठरते. पाच वर्षे ड्रेनेज, नळ आणि दिवाबत्तीसाठी धावपळ केलेल्या नगरसेविकेची जागा खुली होते, तर शेजारच्या प्रभागात पाय रोवलेल्या नगरसेवकाची जागा महिलांकडे जाते. मग तिकिटासाठी नेत्यांच्या घरी फेऱ्या सुरू होतात. हे दृश्य आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की त्यामागे काही तात्त्विक प्रश्न असेल असे वाटतही नाही.

हाच प्रश्न ९ मार्च २०१० रोजी राज्यसभेत एका मराठी खासदाराच्या मतातून नोंदला गेला. महिला आरक्षण विधेयकाच्या बाजूने १८६ मते पडली आणि विरोधात एक. ते एक मत शेतकरी संघटनेचे संस्थापक शरद जोशी यांचे होते. शेतकरी स्त्रियांना हजारोंच्या संख्येने रस्त्यावर आणणाऱ्या माणसाने स्त्रियांच्या आरक्षणाविरुद्ध मत का द्यावे, हे कोडे तेव्हा अनेकांना पडले. काहींनी त्यांना थेट स्त्रीविरोधी ठरवले. त्या मताचा अर्थ लावायचा तर तीन गोष्टी पाहाव्या लागतात : मत नोंदले कसे जाते, मत देणाऱ्याची आधीची वाटचाल काय होती आणि विधेयकात नेमके काय लिहिले होते.

मताची नोंद कधी राहते?

आपला खासदार अमुक कायद्यावर कोणत्या बाजूने होता, हे शोधायला गेलेल्या मतदाराच्या हाती बहुतेक वेळा काही लागत नाही. कारण साधे आहे. संसदेत बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने मंजूर होतात. पीठासीन अधिकारी प्रस्ताव मताला टाकतात, बाजूचे ‘होय’ म्हणतात, विरोधातले ‘नाही’ म्हणतात, आणि कोणता आवाज मोठा यावरून निर्णय जाहीर होतो. कोण काय म्हणाले याची नावनिशीवार नोंद राहत नाही. एखाद्या सदस्याने मतविभागणी मागितली तरच मते मोजली जातात आणि नावे कागदावर येतात.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. घटनादुरुस्ती विधेयकाला राज्यघटनेच्या ३६८व्या कलमाप्रमाणे विशेष बहुमत लागते. सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून अधिक आणि हजर राहून मत देणाऱ्यांपैकी किमान दोन तृतीयांश सदस्य बाजूने हवेत. हे आवाजावरून ठरवता येत नाही, मोजणी करावीच लागते. महिला आरक्षणाचे विधेयक हे १०८वे घटनादुरुस्ती विधेयक होते. म्हणूनच त्या दिवशीचे १८६ आणि १ हे आकडे आज आपल्यासमोर आहेत.

दुसरी अडचण व्हिपची. १९८५ साली ५२व्या घटनादुरुस्तीने दहावे परिशिष्ट आले आणि पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत देणाऱ्या सदस्याचे सदस्यत्व धोक्यात आले. आयाराम-गयाराम थांबवण्यासाठी हा कायदा आवश्यक मानला गेला. पण त्याचा एक परिणाम असा, की मोठ्या पक्षाच्या खासदाराचे मत हे मुख्यतः पक्षाचे मत असते. त्यातून त्या व्यक्तीची समज किंवा सदसद्विवेक वाचता येत नाही.

शरद जोशी या दोन्ही बाबतींत वेगळे होते. महाराष्ट्रातून राज्यसभेवर १९ सदस्य जातात आणि त्यांना विधानसभेचे आमदार निवडतात. २००४ च्या जुलैत, सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे मुख्यमंत्री असताना, जोशी भाजप आणि शिवसेनेच्या पाठबळावर राज्यसभेत गेले. मात्र ते बसले स्वतःच्या स्वतंत्र भारत पक्षाचे सदस्य म्हणून. त्या पक्षाचे सभागृहात ते एकटेच होते. त्यांच्यावर व्हिप बजावणारे कोणी नव्हते. त्यामुळे त्यांचे मत हे खरोखर त्यांचेच होते, आणि त्याची जबाबदारीही सर्वस्वी त्यांची होती.

आकड्याबाबत आणखी एक सावधगिरी हवी. १८६ विरुद्ध १ म्हणजे सभागृहात एकच विरोधक होता असे नाही. समाजवादी पक्ष आणि राष्ट्रीय जनता दल यांचा विधेयकाला कडाडून विरोध होता. ८ मार्चला, महिला दिनाच्या शंभराव्या वर्षी, मंजुरी मिळवण्याचा सरकारचा बेत गोंधळामुळे फसला. दुसऱ्या दिवशी सात सदस्य निलंबित झाले आणि मार्शल बोलावून त्यांना बाहेर काढावे लागले. बहुजन समाज पक्षाने सभात्याग केला, तृणमूल काँग्रेस मतदानापासून दूर राहिली. या सगळ्यांचा विरोध किंवा नाराजी आकड्यात उतरली नाही. जागेवर बसून, नियमाप्रमाणे ‘नाही’ म्हणणारा एकच निघाला.

चांदवडपासून दिल्लीपर्यंत

शरद जोशी यांचा जन्म ३ सप्टेंबर १९३५ चा, साताऱ्याचा. भारतीय टपाल सेवेत अधिकारी, पुढे स्वित्झर्लंडमधील बर्न येथे जागतिक टपाल संघात नोकरी. ती सोडून ते परतले आणि चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन शेती करू लागले. शेती तोट्यात जाते ती शेतकऱ्याच्या आळसाने नव्हे, तर सरकारी धोरणाने भाव पाडले जातात म्हणून, हा त्यांचा सिद्धान्त या अनुभवातून पक्का झाला. १९८० चे चाकणचे कांदा आंदोलन, त्याच वर्षीचे नाशिक जिल्ह्यातील ऊस-कांदा आंदोलन आणि १९८१ चे निपाणीचे तंबाखू आंदोलन यांतून शेतकरी संघटना उभी राहिली.

स्त्री-प्रश्नाकडे ते नंतर वळले, पण वळले ते जोमाने. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील चांदवडला शेतकरी महिलांचे प्रचंड अधिवेशन झाले आणि शेतकरी महिला आघाडी पुढे आली. त्यानंतर लक्ष्मीमुक्तीची मोहीम निघाली. नवऱ्याने आपल्या जमिनीचा काही भाग स्वेच्छेने बायकोच्या नावावर करावा, अशी ही मोहीम होती. जिच्या श्रमावर शेत उभे आहे तिचे नाव सातबाऱ्यावर नसणे हा अन्याय आहे, हे शेतकरी पुरुषांना पटवण्याचे काम संघटनेने गावोगाव केले. जळगाव जिल्ह्यातील विटनेर आणि यवतमाळ जिल्ह्यातील मेटीखेडा या गावांत संपूर्ण महिलांच्या ग्रामपंचायती निवडून आल्या. त्यासाठी आरक्षणाच्या कायद्याची वाट पाहिली गेली नव्हती.

या पार्श्वभूमीवर २०१० चे मत वाचले तर ‘स्त्रीविरोधी’ हे लेबल टिकत नाही. मात्र एवढ्यावरून ते मत बरोबर होते असेही सिद्ध होत नाही. त्यासाठी विधेयकाकडे वळावे लागेल.

राज्यसभेतील त्यांच्या कामाचा आणखी एक नमुना येथे नोंदवण्यासारखा आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या २९-अ कलमाप्रमाणे नोंदणी करणाऱ्या प्रत्येक पक्षाला समाजवादाशी निष्ठा असल्याचे लिहून द्यावे लागते. खुल्या बाजाराचा पुरस्कार करणाऱ्या जोशींना हे खोटे बोलायला लावणे वाटे. ती अट काढण्यासाठी त्यांनी खासगी विधेयक मांडले. ते कायदा झाले नाही, यात नवल नाही. संसदेच्या इतिहासात आजवर केवळ १४ खासगी विधेयकांचे कायदे झाले, त्यांतला शेवटचा १९७० मध्ये. एकट्या सदस्याच्या कामगिरीचे माप मंजूर झालेल्या कायद्यांच्या संख्येने घेऊ गेलो तर बहुतेकांच्या खात्यावर शून्यच निघेल. त्याने कोणता प्रश्न कागदावर आणला, हे पाहणे अधिक न्याय्य.

आक्षेप कशाला होता?

लोकसभा आणि विधानसभांत एक तृतीयांश जागा महिलांसाठी राखण्याचे विधेयक १९९६ मध्ये पहिल्यांदा आले. १९९८ आणि १९९९ मध्ये पुन्हा आले, अडले. २००८ मध्ये ते राज्यसभेत मांडले गेले, म्हणजे लोकसभा बरखास्त झाली तरी ते जिवंत राहावे. त्यातील योजना अशी होती : राखीव जागा फिरत्या राहतील आणि लागोपाठच्या तीन सार्वत्रिक निवडणुकांत प्रत्येक मतदारसंघ एकदा राखीव होईल.

जोशींचा आक्षेप या फिरतीवर होता. आरक्षणाला नव्हे, चिठ्ठी आणि चक्राच्या पद्धतीला आपला विरोध आहे, अशी त्यांची भूमिका होती. तिचे गणित मांडून पाहू. लोकसभेच्या ५४३ जागांपैकी १८१ राखीव. पुढच्या निवडणुकीत या १८१ खुल्या होणार आणि दुसऱ्या १८१ राखीव होणार. म्हणजे प्रत्येक वेळी ३६२ मतदारसंघांचे, एकूण दोन तृतीयांश जागांचे स्वरूप पालटणार. महाराष्ट्राच्या ४८ जागांत हा आकडा ३२ होतो. सोलापूर जिल्ह्याचे मतदार सोलापूर, माढा आणि धाराशिव या तीन लोकसभा मतदारसंघांत विभागले आहेत. सरासरीने धरले तर दर निवडणुकीत यांतल्या दोन ठिकाणी पाटी बदलली असती.

याचा परिणाम दुहेरी. राखीव जागेवरून निवडून आलेल्या बाईला ठाऊक असते की पुढच्या वेळी ही जागा खुली होणार आणि पक्ष बहुधा पुरुषाला तिकीट देणार. पाच वर्षे मतदारसंघ बांधण्याला तिला कितपत हुरूप राहील? पुरुष खासदारालाही आपली जागा पुढच्या वेळी जाईल ही टांगती तलवार. लोकप्रतिनिधीला कामाला लावणारी सर्वात मोठी गोष्ट म्हणजे पुन्हा त्याच मतदारांसमोर जाण्याची वेळ. ती वेळच चिठ्ठीवर सोडली तर जबाबदारीचा धागा तुटतो, असा हा युक्तिवाद आहे. आपल्या प्रभागातील सोडत पाहिलेल्या कोणालाही तो सहज समजेल.

दुसरी बाजू

तरीही हा युक्तिवाद शेवटचा शब्द मानता येणार नाही. फिरतीच्या बाजूनेही वजनदार मुद्दे आहेत. जागा कायमच्या राखीव केल्या तर काही मतदारसंघांतील पुरुषांचा मार्ग कायमचा बंद होतो आणि उरलेल्या मतदारसंघांतील मतदारांना महिला प्रतिनिधीचा अनुभवच येत नाही. चक्र फिरले तर तो अनुभव सगळीकडे पोचतो.

याची एक चाचणी आपल्याच राज्यात झाली आहे. रिखिल भवनानी या अभ्यासकाने मुंबई महापालिकेच्या प्रभागांचा अभ्यास करून २००९ मध्ये निष्कर्ष मांडले. १९९७ मध्ये महिलांसाठी राखीव असलेले आणि २००२ मध्ये खुले झालेले प्रभाग त्यांनी, आधी राखीव नसलेल्या प्रभागांशी ताडून पाहिले. आधी राखीव असलेल्या ठिकाणी, आरक्षण उठल्यावरही, महिला निवडून येण्याची शक्यता सुमारे पाचपट होती. कोणता प्रभाग राखीव हे चिठ्ठीने ठरले असल्यामुळे ही तुलना विश्वासार्ह ठरते. म्हणजे एकदा दार उघडले की ते पूर्ण बंद होत नाही.

हाच निष्कर्ष दुसऱ्या बाजूनेही वाचता येतो. पाचपट झाल्यावरही, खुल्या झालेल्या त्या प्रभागांपैकी बहुतेकांत पुरुषच निवडून आले. म्हणजे फिरतीने काही बायकांना पाय रोवता आले आणि बहुतेकींना जागा सोडावी लागली. जोशींची भीती खरी होती, पण फिरती निष्फळ ठरते असे म्हणण्याइतकी खरी नव्हती. महाराष्ट्रात ७३व्या आणि ७४व्या घटनादुरुस्तीनंतर स्थानिक संस्थांत एक तृतीयांश आणि २०११ पासून निम्म्या जागा महिलांच्या झाल्या. आज सोलापूरच्या महापालिकेत किंवा जिल्हा परिषदेत बाई बोलायला उभी राहिली तर कोणी वळून पाहत नाही. हा बदल याच सदोष सोडतीतून आला आहे.

पुढे काय झाले?

राज्यसभेने मंजूर केलेले विधेयक लोकसभेत मताला आलेच नाही. २०१४ मध्ये पंधरावी लोकसभा संपली आणि तेही संपले. जोशींची मुदत २०१० च्या जुलैत, त्या मतानंतर चार महिन्यांतच, पूर्ण झाली होती. १२ डिसेंबर २०१५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

सप्टेंबर २०२३ मध्ये महिला आरक्षण नव्या विधेयकाच्या रूपाने परत आले. लोकसभेत ४५४ विरुद्ध २ आणि राज्यसभेत २१४ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर होऊन ती १०६वी घटनादुरुस्ती झाली. लोकसभेतील त्या दोन विरोधी मतांपैकी एक पुन्हा महाराष्ट्राचे होते. ते औरंगाबादचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील यांचे. त्यांच्या पक्षाचे कारण वेगळे होते : इतर मागासवर्गीय आणि मुस्लिम स्त्रियांसाठी स्वतंत्र वाटा नसणे.

पण या कायद्यातील एक बदल फारसा चर्चिला गेला नाही. राखीव जागा आता दर निवडणुकीला फिरणार नाहीत. मतदारसंघांची पुनर्रचना होईल त्यानंतरच त्या फिरतील, असे नव्या ३३४-अ कलमात म्हटले आहे. याचा अर्थ, राखीव मतदारसंघातून निवडून आलेल्या खासदार बाईला त्याच मतदारांकडे राखीव उमेदवार म्हणूनच पुन्हा जाता येईल. हा बदल जोशींच्या मतामुळे झाला असे म्हणण्याला आधार नाही. पण ज्या मुद्द्यावर २०१० मध्ये एकच हात विरोधात गेला, त्याच मुद्द्यावर तेरा वर्षांनी कायद्याचा मसुदा वेगळा निघाला, एवढी नोंद तर राहिली. अर्थात या आरक्षणाचा अंमल जनगणना आणि त्यानंतरची पुनर्रचना यांच्याशी बांधलेला असल्याने वाट पाहणे बायकांच्याच वाट्याला आले, हेही तितकेच खरे.

एकट्या मताने विधेयक पडत नाही. त्याचा उपयोग पुढे, कोणी जुनी नोंद उघडून ‘हे कारण काय होते?’ असे विचारतो तेव्हा होतो. आपल्या खासदाराची, आमदाराची, नगरसेवकाची अशी नोंद मागण्याची सवय मतदारांना नाही, कारण बहुतेक निर्णय आवाजात विरून जातात. महापालिकेच्या सभेत करवाढीचा किंवा पाण्याच्या योजनेचा ठराव येतो तेव्हा आपल्या प्रभागातील सदस्याने हात वर केला की खाली ठेवला, हे सोलापुरातील किती घरांना माहीत असते? पुढच्या वेळी मत मागायला दाराशी कोणी आले, तर रस्ता आणि नळ यांच्या जोडीला हाही एक प्रश्न विचारून पाहावा. उत्तर देता यावे म्हणून तरी नोंद ठेवली जाईल.