टोकियो कानांनी बघा!

टोकियो केवढं मोठं? शहर आणि त्याला खेटून वाढलेली उपनगरं धरली, तर तिथे साडेतीन कोटींहून जास्त माणसं राहतात. एकट्या शिंजुकू स्टेशनातून बाहेर पडायला दोनशेहून अधिक वाटा! पाहुण्याचे डोळे पाट्या, दिवे, जाहिराती बघून दमून जातात. म्हणून तिथे गेलात तर अधूनमधून डोळ्यांना सुट्टी द्या आणि कान टवकारा.

मोठ्या चौकात उभे राहा. सिग्नल हिरवा झाला की रस्त्याच्या अलीकडून आवाज येतो, ‘काक्को!’ लगेच पलीकडून थोडं वेगळं उत्तर, ‘का-काक्को!’ पक्षी मात्र कुठेच नाही. खांबावरच्या भोंग्यांची ही जुगलबंदी आहे. दुसऱ्या दिशेचा रस्ता खुला झाला की कोंबडीच्या पिलासारखं ‘पियो, पियो’ सुरू. ज्यांना दिसत नाही, त्यांना आवाजावरूनच कळतं, आता कोणता रस्ता ओलांडायचा.

पण दोन्ही भोंगे एकदम का नाही वाजवत? इथेच खरी गंमत आहे. उजवीकडून आवाज आला की तो उजव्या कानात आधी पोचतो, डाव्यात किंचित उशिरा. हा उशीर एका सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी, तरी आपला मेंदू तो अचूक पकडतो आणि त्यावरून दिशा ओळखतो. दोन भोंगे एकदम ओरडले तर आवाज नेमका कुठून येतोय, याचा गोंधळ उडतो. आळीपाळीने बोलले की एक म्हणतो ‘तू इथून निघालास’, दुसरा म्हणतो ‘इकडे ये’, आणि माणूस सरळ चालत पलीकडे पोचतो. शिवाय गाड्यांची घरघर खालच्या पट्टीतली, पिलाची चिवचिव वरच्या पट्टीतली. त्यामुळे ती गर्दीतही वेगळी ऐकू येते. इतका साधा आणि इतका मायाळू उपाय मला फार आवडतो.

पायांसाठीही सोय आहे, उंचवट्यांच्या पिवळ्या फरश्या. लांब रेघा म्हणजे चला, गोल ठिपके म्हणजे थांबा. सेइइची मियाके यांनी शोधलेल्या या फरश्या 1967 मध्ये जपानमधल्या ओकायामा शहरात पहिल्यांदा बसवल्या. आपल्या मेट्रो स्टेशनांवर त्या तुम्ही पाहिल्या असतील.

आता यामानोते लोकल पकडू. मध्य टोकियोभोवती गोल फिरणारी ही गाडी 30 स्टेशनं घेत तासाभरात फेरी पुरी करते. पूर्वी गाडी सुटताना कर्कश घंटा वाजायची. 1989 मध्ये शिंजुकू आणि शिबुया स्टेशनांत तिच्या जागी छोट्या धून आल्या आणि मग त्या पसरत गेल्या. ताकादानोबाबा स्टेशनात अ‍ॅस्ट्रो बॉयची धून वाजते. कारण ओसामु तेझुका यांच्या चित्रकथेत हा यंत्रमानव तिथेच जन्मतो, 7 एप्रिल 2003 रोजी. गोष्ट मात्र लिहिली होती 1950च्या दशकात!

संध्याकाळी पाचच्या सुमाराला कान उघडे ठेवाच. अनेक वस्त्यांमध्ये उंच खांबांवरच्या भोंग्यांतून संथ गाणं सुरू होतं. खेळणाऱ्या मुलांना कळतं, घरी जायची वेळ झाली. पण गाणं लावण्याचं कारण आणखीही एक आहे. भूकंप किंवा पूर आला तर याच भोंग्यांवरून सूचना द्यायच्या असतात. ते नीट चालतात ना, याची तपासणी रोज अशी गाणं लावून होते.