भुसावळला थांबा, भरीत खा!

मुंबईहून येणारा मध्य रेल्वेचा मार्ग भुसावळला दुभंगतो. एक फाटा नागपूरकडे, तर दुसरा खंडवा-इटारसीकडे जातो. त्यामुळे येथे गाडी बदलणारे पुष्कळ, पण गावात शिरणारे थोडेच. हिवाळ्यात मात्र प्रवाशाने स्थानकाबाहेर पडून भरिताचे एखादे साधे दुकान अवश्य गाठावे.

परिसरातील मोठी, हिरवट-पांढरी, कमी बियांची वांगी या दिवसांत बाजारात येतात. यावल तालुक्यातील बामणोद त्यांसाठी प्रसिद्ध आहे. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. याच सुमारास कापसाची वेचणी संपत येते आणि कपाशीच्या वाळलेल्या काड्या जळणाला मिळतात. त्यांच्या आचेवर भाजलेल्या वांग्यात धुराचा वास मुरतो. साल काढून ती ठेचली जातात. त्यात हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे आणि कांद्याची पात पडते. सोबत असते ज्वारी-उडदाच्या पिठाची, कळण्याची भाकरी.

गॅसवर भाजलेल्या वांग्याला ही चव येत नाही. म्हणूनच दुकान निवडताना पाटीकडे पाहू नये. काड्यांचा ढीग कोठे रचला आहे, ते पाहावे.