खांद्याखालचा उजेड: कुस्तीच्या पंचांचा मागोवा

चैत्र लागला की पाटण तालुक्यात यात्रांचा हंगाम सुरू होतो. मुंबईत माथाडीचं काम करणारी माणसं गावी येतात, वर्गणी गोळा होते, पालखी निघते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मैदान भरतं. ढेबेवाडी खोऱ्यापासून कोयनेच्या काठापर्यंत क्वचितच असं गाव असेल, जिथे यात्रा आहे आणि कुस्ती नाही. मैदानाच्या जाहिरातीवर पैलवानांची नावं आणि फोटो असतात, इनामाची रक्कम असते, देणगीदारांची तर लांबलचक यादी असते. पंचांची नावं मात्र तळाशी, बारीक अक्षरात, जागा उरली तर. गेल्या सत्तरेक वर्षांत या भागातल्या कुस्तीने पंचाला कसं वागवलं, ते या तळाच्या ओळीतच दिसतं.

पूर्वी मैदानात पंच म्हणून उतरायचा तो वस्ताद. त्याला कुणी परीक्षेला बसवलेलं नसे. कुठल्या तालमीत घाम गाळला, किती मैदानं मारली, किती पोरं घडवली, हीच त्याची पात्रता. ती कमी होती असं मी म्हणणार नाही. आयुष्यभर ढाक आणि कलाजंग खेळलेल्या माणसाला डाव पडण्याआधीच कळतो. समोरच्याने पट काढायला खांदा खाली घातला की वस्तादाची नजर आधीच पायाकडे गेलेली असते. शिवाय निकाली कुस्तीत प्रश्न एकच असायचा: पाठ लागली का? चितपट असेल तर हात वर, नाहीतर कुस्ती चालू. अर्धा तास, पाऊण तास झटून निकाल लागला नाही तर बरोबरीत सोडवायची. गुण नाहीत, घड्याळाची घाई नाही.

एवढा एकच प्रश्न असला तरी तो सोपा नव्हता. खालच्या पैलवानाने मान रोवून पूल बांधलेला असतो, वरचा छातीचा सगळा भार टाकतो, भोवती धूळ, हलगीचा कडकडाट आणि वर्तुळ मोडून आत घुसणारी माणसं. अशा वेळी चांगला पंच उभा राहत नाही. तो मातीवर आडवा होतो, गाल जमिनीला टेकवतो आणि खांद्याखालून पलीकडचा उजेड दिसतो का ते पाहतो. एक खांदा टेकला आणि दुसऱ्याखाली बोटभर फट असेल तर ती चितपट नव्हे. हे पाहण्यासाठी डोक्याच्या बाजूला जावं लागतं, पायाच्या बाजूने काही दिसत नाही. कोणत्या क्षणी कुठे सरकायचं ही पंचाची खरी विद्या, आणि ती आपल्याकडे फक्त पाहून पाहून शिकली गेली.

वस्तादाच्या पंचगिरीत एक उणीव मात्र पहिल्यापासून होती. त्याचाच पठ्ठ्या मैदानात असेल तर? यात्रा कमिटीने बोलावलेला पंच आणि गावचा लाडका पैलवान एकाच तालमीचे असतील तर? प्रामाणिक वस्ताद अशा कुस्तीला आपणहून बाजूला होत. पण तसा नियम नव्हता, सगळं माणसाच्या स्वभावावर सोडलेलं होतं.

पंचांचा आणि अधिकाऱ्यांचा प्रश्न किती महाग पडू शकतो, ते पाटणच्या शेजारच्याच तालुक्याने फार लवकर पाहिलं. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948 साली लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा सगळं आयुष्य मातीत खेळलेले होते. गादी नवी, नियम नवे, तरीही ते सहावे आले. 1952 साली हेलसिंकीत त्यांनी बँटमवेट गटात कांस्यपदक जिंकलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या स्पर्धेबद्दल आजही सांगितलं जातं, की जपानच्या शोहाची इशीशी लांबलेली झुंज दिल्यावर त्यांना जवळजवळ लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेयोव्हपुढे उभं केलं गेलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती नियमाप्रमाणे मिळायला हवी होती, पण ते ठणकावून सांगायला भारताचा एकही अधिकारी तिथे नव्हता. आपण ही हकीकत खाशाबांच्या उपेक्षेची म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. पैलवान तयार होता, नियम जाणणारा माणूस तयार नव्हता.

ही उणीव पुढेही तशीच राहिली. शिराळ्याच्या पुनवतचे गणपतराव आंदळकर, कवठेपिरानचे मारुती माने यांनी 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदकं आणली. पाटणच्या डोंगरापलीकडचीच ही माणसं. 1961 पासून महाराष्ट्र केसरी सुरू झाली आणि पहिला मान सांगलीच्या दिनकर दह्यारींना मिळाला. या किताबाची रचनाच अशी, की एक विजेता गादीवरून येतो, एक मातीतून, आणि दोघांची गाठ शेवटी पडते. पैलवानांनी दोन्हीकडे खेळायला शिकून घेतलं. तालमीच्या शेजारी गाद्या आल्या, प्रशिक्षक आले. खुराकाचा हिशेब बदलला. या सगळ्या बदलाच्या बरोबरीने पंचांची शाळा मात्र कुणी काढली नाही. स्पर्धेच्या तोंडावर दोन दिवसांचं शिबिर, नियमांची उजळणी आणि एक शिट्टी, यावर काम भागवलं गेलं.

दरम्यान पंचाचं काम पार बदललं होतं. आज गादीवर एकटा पंच नसतो. आत एक पंच, बाजूला साइड पंच आणि टेबलावर मॅट चेअरमन. आतल्या पंचाच्या एका मनगटावर लाल पट्टा, दुसऱ्यावर निळा, ज्या रंगाच्या पैलवानाला गुण त्या हाताची बोटं वर. तिघांपैकी दोघांचं एकमत झालं की गुण लागतो. 2013 च्या फेब्रुवारीत ऑलिंपिकमधून कुस्तीच वगळण्याची शिफारस झाली, त्या धसक्याने जागतिक संघटनेने नियम उलटेपालटे केले. दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या गेल्या, तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आल्या आणि गुणांची बेरीज शेवटपर्यंत चालू लागली. ताबा घेण्याला एकाऐवजी दोन गुण मिळू लागले. फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच थांबते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कुस्ती ऑलिंपिकमध्ये परतली.

वस्तादाला एक प्रश्न सोडवायचा होता, आजच्या पंचाला सहा मिनिटांत वीस. पैलवान खाली गेला, पण ताबा आला का? पाय वर्तुळाबाहेर पडला तो आधी की डाव आधी? पाठ गादीकडे काटकोनाच्या आत वळली का? यातल्या शेवटच्या प्रश्नावर तर पुण्याची 2023 ची महाराष्ट्र केसरी गाजली. सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या लढतीत महेंद्रने बाहेरची टांग मारली आणि त्याला चार गुण मिळाले. उभ्यावरून थेट पाठ धोक्यात गेली तर चार, नुसता ताबा आला तर दोन. सिकंदर कुशीवर पडला की पाठीवर, यावर महाराष्ट्रभर मोबाइलवर तो क्षण थांबवून थांबवून पाहिला गेला आणि पंचाला फोनवर धमकी आली. घरबसल्या माणसाला तो क्षण हळू करून पाहता येत होता. पंचाला तो एकदाच दिसला होता, एका बाजूने, पूर्ण वेगात.

त्याआधी एप्रिल 2022 मध्ये साताऱ्यातच महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत झाली होती. कोल्हापूरच्या पृथ्वीराज पाटीलने विशाल बनकरला 5-4 असं हरवलं. एक गुण! गदा कुणाच्या खांद्यावर जाणार हे एका गुणावर ठरत असेल, तर तो गुण देणारा माणूस कसा तयार होतो हा प्रश्न गदेइतकाच मोठा आहे.

मग 2 फेब्रुवारी 2025 चं अहिल्यानगर. गादी विभागात पृथ्वीराज मोहोळने शिवराज राक्षेला चितपट केल्याचा निकाल पंचांनी दिला. राक्षेने पाठ टेकलीच नसल्याचं सांगत व्हिडिओ पाहण्याची मागणी केली, वाद वाढला, त्याने पंचाची कॉलर धरली, लाथ मारली. त्याच संध्याकाळी अंतिम लढतीत महेंद्र गायकवाडही पंचांवर चिडून मैदान सोडून गेला. दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. पुढे चौकशी झाली आणि राक्षेच्या कुस्तीच्या पंचालाही तीन वर्षांसाठी निलंबित केलं गेलं.

पंचावर पाय उगारणं याला माफी नाही, हे आधी स्पष्ट म्हणतो. पण त्या दिवशीच्या गदारोळात एक मुद्दा फारसा कुणी समजावून सांगितला नाही. जागतिक नियमांत प्रशिक्षकाला गुणाविरुद्ध दाद मागता येते, व्हिडिओ पाहिला जातो, आणि दाद फेटाळली तर प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो. चितपटीला मात्र अशी दाद नाही. कारण चितपट एकट्या पंचाने द्यायचीच नसते. आतला पंच किंवा साइड पंच खात्री देतो आणि मॅट चेअरमन ती मान्य करतो, तेव्हाच हात गादीवर आपटून शिट्टी वाजते. म्हणजे जिथे यंत्राचा आधार काढून घेतला आहे, तिथे दोन माणसांच्या नजरेवर सगळा भरवसा ठेवला आहे. मग ही दुसरी नजर खरोखर स्वतंत्र हवी. साइड पंचाने आतल्या पंचाच्या हाताकडे बघून मान डोलावली, तर नियमाचा प्राणच गेला. हे शिबिरात तोंडी सांगून अंगात उतरत नाही, त्याचा सराव करावा लागतो.

या बाबतीत तलवारबाजीकडे पाहावं असं मला वाटतं. महाराष्ट्रातल्या शालेय स्पर्धांमुळे आता हा खेळ आपल्या पोरांनाही परका नाही, आणि भवानी देवी टोकियो ऑलिंपिकला खेळल्यानंतर तर त्याची ओळख घरोघरी झाली. तलवारबाजीत स्पर्श झाला की दिवा लागतो, म्हणजे यंत्र आहे. तरीही फॉइल आणि सेबर या प्रकारांत दोघांचे दिवे एकदम लागले, तर हल्ल्याचा हक्क आधी कुणाचा हे पंचालाच ठरवावं लागतं. दिवा लागला एवढंच यंत्र सांगतं, गुण कुणाचा ते सांगत नाही. म्हणून तिथे आंतरराष्ट्रीय पंचाला लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा आहे, आणि परवाना शस्त्रागणिक वेगळा. एपेचा पंच उठून सेबरला उभा राहू शकत नाही. माती आणि गादी यांचे पंच आपण मात्र सरसकट एकच धरतो. अर्थात परीक्षांनी सगळं सुटतं असंही नाही. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये एपेच्या उपांत्य लढतीत घड्याळाचा शेवटचा एक सेकंद संपेचना, आणि कोरियाची शिन आ-लाम निकालाविरुद्ध सुमारे तासभर मंचावर रडत बसून राहिली. पण तिथली चर्चा नियमाची आणि घड्याळाची झाली. आपल्याकडे ती पंच कुणाचा माणूस यावर येऊन थांबते.

जागतिक कुस्तीतही पंचांना श्रेणी आहेत. तिसरी, दुसरी, पहिली अशा पायऱ्या चढाव्या लागतात. स्पर्धेत निरीक्षक पंचांच्या कामाची नोंद ठेवतात आणि बढती त्यावर ठरते. आपल्या मातीतल्या कबड्डीनेही जिल्हा पंच, राज्य पंच अशा परीक्षा कित्येक वर्षांपासून चालवल्या आहेत. कबड्डीच्या मैदानावर पंचाशी हुज्जत होत नाही असं नाही, पण तो कुठून आला, कोणती परीक्षा देऊन आला, हे माहीत असतं. कुस्तीत ही शिस्त बसवायची कुणी, हाच घोळ. 2022 नंतर राज्यात दोन संघटना झाल्या. 2023 च्या नोव्हेंबरात फुलगाव आणि धाराशिव अशा दोन ठिकाणी दोन महाराष्ट्र केसरी झाल्या. किताब दोन झाले की पंचांच्या याद्याही दोन होतात, आणि एका यादीतला पंच दुसरीकडे संशयाने पाहिला जातो. तालुक्याच्या पंचाने कुठे शिकायचं आणि त्याला श्रेणी कुणी द्यायची, या प्रश्नाला मग वालीच उरत नाही.

एक गोष्ट मात्र या काळात चांगली झाली. मार्च 2023 मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. आता आमच्या भागातल्या मैदानांत मुलींच्या कुस्त्याही लागतात. त्या कुस्त्यांना बहुतेक वेळा पुरुष पंच असतात. खेळून थांबलेल्या, डाव अंगात मुरलेल्या मुली पुढच्या काही वर्षांत गावोगाव असतील. लग्न होऊन गेली, संपलं, असं म्हणून त्यांना सोडून देण्यापेक्षा शिट्टी त्यांच्या हातात का देऊ नये? चांगला पंच मिळण्याची एवढी मोठी संधी कुस्तीला याआधी आली नव्हती.

पाटणसारख्या तालुक्याला हे सुरू करायला राज्य संघटनेच्या भांडणाचा निकाल लागण्याची वाट पाहायचं कारण नाही. यात्रेतल्या कुस्त्यांचं चित्रण आता तसंही होतं, निदान चार जणांच्या मोबाइलवर तरी. पावसाळ्यात मैदानं बंद असतात. त्या दिवसांत तालुक्यातले सगळे पंच एका तालमीत बसवावेत. एक कुस्ती लावावी, आवाज बंद करून. प्रत्येकाने शेजाऱ्याशी न बोलता कागदावर गुण लिहावेत: कुणाला, किती, कोणत्या क्षणी. मग कागद एकमेकांशेजारी ठेवावेत. जिथे दहापैकी दहा जणांचं एकमत आहे तो डाव सोडून द्यायचा, जिथे सहा-चार फूट आहे तिथे थांबायचं, पुन्हा पाहायचं, नियमाचं पुस्तक उघडायचं. असे कागद दोन पावसाळे जपून ठेवले तर कोणता पंच कुठे चुकतो, कुणाची नजर ताब्याला पक्की आहे पण पाठीच्या कोनाला कच्ची आहे, ते आपोआप दिसेल. त्यावरून श्रेणी द्यावी आणि ती मैदानाच्या जाहिरातीवर नावापुढे छापावी. आपल्या तालमीच्या पैलवानाच्या कुस्तीला पंच उभा राहणार नाही, एवढी एक अट यात्रा कमिटीने जाहिरातीतच लिहावी. मानधनही श्रेणीप्रमाणे ठरावं. पहिल्या क्रमांकाच्या कुस्तीवर लाखाचं इनाम लावणाऱ्या गावाला तो खर्च जड नाही.

आणि सुरुवात लहान गटातल्या कुस्त्यांपासून व्हावी. दुपारी तीनच्या उन्हात, प्रेक्षक यायच्या आधी, रेवड्यांवर आणि पन्नास रुपयांवर लागणाऱ्या पोरांच्या जोड्या असतात, तिथे आज कुणीही पंच म्हणून उभा केला जातो. दहा वर्षांच्या पोराची पाठ लागली नसताना त्याला हरवलं, तर ते पोर तोंडातून चकार शब्द काढत नाही, पण पुढच्या यात्रेला लंगोट बांधत नाही. शिकाऊ पंचांना तिथे उभं करावं आणि त्यांच्यामागे एक जुना वस्ताद बसवावा. प्रत्येक कुस्ती सुटल्यावर त्याने एवढंच विचारावं: तू त्या वेळी कुठे उभा होतास, आणि तिथून तुला काय दिसलं?